मुकुंदशास्त्रींचं सोवळं

“अहो, मी सोवळ्यात आहे. आणखी हात कसले धुवायचे?”

मुकुंदशास्त्री दारातच अडले होते. रेशमी सोवळं नेसून, हातात तीर्थाचा गडू घेऊन ते थेट दवाखान्यात आले होते. कुणाचा धक्का लागायला नको म्हणून लिफ्टही नाकारली आणि चार जिने चढले. मोठा हट्टी माणूस.

काचेपलीकडे त्यांचे गुरू नरहरबुवा पडून होते. कॅन्सरच्या औषधांनी बुवांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपवल्या होत्या. साधं पडसंही त्यांच्या जिवावर बेतलं असतं.

“सोवळं तुम्हाला कळतं, काका. जंतूंना कुठे कळतं?” सिस्टर लोखंडे म्हणाल्या. “तीर्थ बाहेरच ठेवा. साबण तिकडे आहे. मग गाऊन आणि मास्क. ताप, सर्दी, खोकला काही?”

“काही नाही.”

शास्त्री खोटं बोलले. दोन दिवस त्यांचा घसा खवखवत होता. पण पाच महिने बुवांचं दर्शन नव्हतं, जीव नुसता तुटत होता. त्या पायांवर एकदा डोकं टेकू दे, एवढंच त्यांना हवं होतं.

त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. गाऊन चढवला, मास्क लावला. सिस्टरांनी दार उघडलं.

बुवा केवढेसे झाले होते...

शिष्याला पाहताच त्यांनी पांघरुणातून पाय बाहेर काढले.

“ये रे. किती वाट पाहायला लावलीस.”

शास्त्रींच्या घशाशी खोकल्याची उबळ आली. ती त्यांनी कशीबशी गिळली. पाऊल उंबऱ्यावरच थांबलं.

“बुवा... माझा घसा धरलाय. सिस्टरांशी खोटं बोललो मी.”

 बुवांनी पाय आत घेतले नाहीत.

शास्त्री मागे सरले. सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी दार लावलं आणि खोलीतल्या फोनवर बुवांना जोडून दिलं.

“बरा झालो की लगेच येतो, बुवा. पण तोवर तुम्ही...”

शास्त्रींनी डोळे पुसले.

बुवांनी काचेतून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचेही डोळे भरले होते.

“तोवर मी नसलो... तरी ही खाट रिकामी नसेल, दुसरं कुणी असेल. हात धुऊनच ये.”