डोहाची उसनी भांडी

घाटाखालच्या एका गावात आवडी नावाची मुलगी होती. त्या मुलखाला राजाही होता, पण तो लांब राहायचा. गावात यायची ती फक्त त्याची दवंडी.

ही आवडी भारी भित्री. कडी वाजली तरी दचकायची. पण आमटी अशी करायची, बरं का, की घाट उतरणारे गाडीवान वासानंच बैल थांबवायचे. तिच्या मनात एकच होतं. घाटाच्या तोंडाशी खानावळ काढायची. आपली चूल, आपलं गिऱ्हाईक. पण घरात पातेलं एकच, तेही दोन माणसांपुरतं. हंडे, पराती आणायच्या कशातून?

तेवढ्यात दवंडी पिटली गेली. जो नवा धंदा काढील, त्याला राजा भांडवल देईल! मग आवडी तीन दिवस चालत खजिनदाराकडे गेली.

“याआधी कोणता धंदा केलास?” त्यानं विचारलं.

“केला नाही. काढायचाय.”

“मग धंदा केल्याचा दाखला आण. त्याशिवाय भांडवल नाही.”

“अन् भांडवलाशिवाय धंदा कसा करू?”

“ते दवंडीत नाही,” खजिनदार म्हणाला, आणि दार लागलं.

मग ती सावकाराकडे गेली. सावकार झोपाळ्यावर बसला होता. “देतो की! बापाला नाहीतर नवऱ्याला आण अंगठा उठवायला.”

“दोघंही नाहीत, काका.”

“मग आधी लग्न कर, बाई! भांडी आहेरातच येतील.” ओसरीवरचे सगळे हसले. आवडी पायऱ्या कशी उतरली, तिचं तिलाच कळलं नाही.

मग उरला डोह. गावामागे नदीचा खोल डोह होता. कुणाकडे लग्न निघालं की लोक काठावर हळदकुंकू वाहायचे, भांडी मागायचे, आणि सकाळी भांडी तरंगत काठाला लागायची. पंगती उठल्या की घासायची अन् पुन्हा पाण्यात सोडायची. धंद्यासाठी आजवर कुणी मागितली नव्हती. आवडीनं मागितली.

डोहानं दाखला विचारला नाही. बाप विचारला नाही. सकाळी काठावर पितळेचे हंडे अन् पातेली लखलखत होती.

मग काय, खानावळ अशी चालली म्हणता! गाडीवान बोटं चाटून उठायचे. संध्याकाळी आवडीनं भांडी घासली. लग्नघरची माणसं दमलेली असायची, ती भांडी नुसती ढकलून द्यायची. पण हिला आईनं शिकवलं होतं, कुणाचं भांडं रिकामं परत देऊ नये. म्हणून तिनं पातेल्यात गुळाचा खडा ठेवला.

डोहाला गूळ गोड लागला, बरं का.

मग रोज संध्याकाळी भांड्यात गूळ, रोज सकाळी भांडी काठाला. एकदा गूळ संपला. सकाळी एक हंडा कमी आला. आवडी दचकली. तिनं वाटीभर भात ठेवला. मग वाटीवर भागेना, म्हणून पातेलं भरून दिलं. मग पातेल्यावरही भागेना, म्हणून हंडा. रांधायची ही, जेवायचा डोह. गाडीवान अर्धपोटी उठू लागले, मग थांबेनासेच झाले.

शेवटी एके दिवशी घरातलं पीठच सरलं. आवडीनं भांडी रिकामी सोडली आणि हात जोडले. “देवा, पहिल्या दिवशी तर तू काहीच मागितलं नव्हतंस!”

तेव्हा डोह पहिल्यांदा बोलला. “पहिल्या दिवशी मला ठाऊकच नव्हतं, पोरी, की मागता येतं.”

भांडी बुडाली, ती बुडालीच. पुढे लग्नालाही आली नाहीत. “हिनंच डोह बिघडवला,” गाव म्हणालं. गुळाचा खडा तर आवडीनंच ठेवला होता.

आणि सावकार? त्यानं सगळं पाहिलं होतं. या जागी खानावळ चालते, हे त्याला फुकटात कळलं होतं. त्यानं शहरातून गाडीभर भांडी आणली आणि त्याच जागी खानावळ काढली. रांधायला आवडीलाच बोलावलं, पगारावर. ती गेली. गाडीवान परत आले, बोटं चाटून म्हणू लागले, “सावकाराच्या हाताला चव आहे हो!” आवडी आत चुलीपुढे ते ऐकायची.

तर मुलांनो, दवंडी पिटून राजा सुखी झाला, सावकार सुखी झाला, गाडीवानांची पोटं भरली. आवडीलाही दोन वेळचं मिळतं, म्हणजे तीही सुखीच म्हणायची. चूक कुणाची ते विचारायचं नाही. घ्या पांघरुणं ओढून, आणि निजा आता.