मोगऱ्याला दिलेला ताण

कुंड्या एकमेकींशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट.

माघ संपत आला तशा द्वारकाकाकूंनी मोगऱ्याच्या फांद्या छाटल्या, उरलेली पानं खुडली आणि पाणीही बंद केलं. रोज सकाळी झारी त्याच्यासमोरून जायची आणि शेजारच्या सदाफुलीला न्हाऊ घालायची.

"काय रे मोगऱ्या, मुंज झाली वाटतं!" सदाफुली हसायची.

मोगऱ्याच्या मातीला भेगा पडल्या. आता काकू आपल्याला उपटून टाकणार, या भीतीने त्याने हाक मारली, "झारीताई, एक थेंब तरी सांड गं."

"नाही रे. तुला ताण द्यायचाय, असं काकू म्हणाल्या."

"ताण? मी त्यांचं काय वाईट केलं?"

"मागच्या वर्षी माझा तळ गळका होता," झारी म्हणाली. "जाता-येता तुला पाणी मिळायचं. आठव बरं, किती फुलं आली होती?"

मोगऱ्याला आठवली ती नुसती पानंच. त्याने पुन्हा पाणी मागितलं नाही.

फाल्गुनात एका सकाळी काकूंनी त्याची फांदी नखाने खरवडून पाहिली. आत हिरवं होतं. "शाब्बास रे राजा," म्हणत त्यांनी अख्खी झारी त्याच्या मुळाशी रिकामी केली.

छाटलेल्या टोकांना कोवळी पालवी फुटली आणि पाडव्याला तिच्यात पांढऱ्या कळ्या दिसल्या. त्यांचा सुगंध घेऊन वारा आपल्याकडे वळावा म्हणून सदाफुली वाट पाहू लागली.

"झारीताई," मोगरा हळूच म्हणाला, "पुढच्या माघात मी पुन्हा रडेन. तेव्हा माझं अजिबात ऐकू नकोस हं."