बाहेरची शिवण

एका राज्यात सुईला बंदी होती. कुणाच्या घरी सुई सापडली की शिपाई ती उचलून नेत आणि विहिरीत टाकत. राजाचं नाव प्रतापधवल. त्याला वाटे, सुईच्या टोकाला विष लावता येतं. लावता येतं, हे खरंच. पण कुणी लावलं नव्हतं.

फार संशयी राजा. पाणी आधी हरबानं प्यायचं, भात आधी हरबानं खायचा, मग राजानं. हरबा हा त्याचा चाखणारा. राजासमोर गादी आली की ती उसवायची, उशी आली की उसवायची, आत काय आहे ते बघायचं आणि मगच टेकायचं. उसवलेलं परत शिवणार कशानं? त्यामुळे वाड्यात सगळे नुसते गुंडाळलेले, गाठी मारलेले कपडे घालून फिरत.

राज्याभिषेकाच्या वाढदिवशी एक जादूगार दरबारात आला. अंगावर घोंगडी, हातात कापडाची थैली, थैलीत एक बेसनाचा लाडू.

"राजा, थैली मी शिवली, लाडू मी वळला. खा, सुखी होशील."

राजानं थैली टाका न टाका उसवायला लावली. लाडू फोडायला लावला, त्याचा भुगा झाला. आत काही निघालं नाही. राजा म्हणाला, "म्हणजे यानं फारच चांगलं लपवलंय."

जादूगार चिडला नाही. सावकाश म्हणाला, "मी शिवलेलं तू उसवलंस, मी वळलेलं तू फोडलंस. आजपासून तुझ्या वाड्यात टाका टिकणार नाही. तुझ्या तोंडातला घास राख होईल. वर्ष भरेल त्या दिवशी तुझा श्वासही उसवेल. उतारा तीन कामांचा. ज्या हातानं कधी सुई धरली नाही, त्यानं थैली शिवावी. त्याच हातानं, ज्याला चूल ठाऊक नाही, लाडू वळावा. तिसरं काम तुझं. थैली न उसवता, लाडू न फोडता, कुणाला आधी न चाखवता तू तो खावास."

एवढं बोलून त्याची घार झाली आणि खिडकीतून निघून गेली.

त्याच दिवशी खजिन्यातली पोती आपोआप उसवली. मोती घरंगळत मोरीतून नदीला गेले, ते माशांनी गिळले. राजाच्या तोंडात भात राख झाला, दूध राख झालं. राजा वाळत चालला, आणि त्याच्या आधी चाखणारा हरबा मात्र सुटत चालला. त्याचाही राजाला संशय येई.

पण राजा उताऱ्यालाच भ्याला. म्हणाला, "हाच तर सापळा. उतारा करू जाईल त्याचा हात तोडीन." तशी दवंडी पिटली.

राजाला एकच मुलगी, कनकरेखा. आई नव्हती. तिनं जन्मात सुई पाहिली नव्हती, आणि स्वयंपाकघराला सात कुलपं असल्यानं चूलही पाहिली नव्हती. बापाच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या, वर्ष संपायला महिना उरला, तेव्हा ती वाड्यामागच्या पडक्या बागेत गेली. तिथे अंजिराच्या झाडावर शिंपी पक्षी पानाला पान शिवून घरटं करत होता. त्या राज्यात पक्षी बोलत.

"मला शिवायला शिकव," ती म्हणाली.

"हात गेला तर?"

"दुसऱ्यानं बापाला घास भरवीन."

पक्ष्यानं तिला बाभळीच्या काट्याची सुई दिली आणि सावरीच्या कापसाचे तीन धागे दिले. "तीनच आहेत. कापडाची घडी घाल, सुलटी बाजू आत ठेव. दोन कडा शिव. वरची कड दुमडून नाडीला वाट ठेव. मग थैली उलटव, म्हणजे शिवण आत जाते."

पहिल्या धाग्यानं तिनं फार मन लावून शिवलं. चारही बाजू शिवल्या. पक्षी म्हणाला, "छान. आता लाडू कुठून घालणार?"

दुसऱ्या धाग्यानं आणखी मन लावून शिवलं. उठायला गेली तर थैली तिच्या लुगड्यासकट शिवलेली. पक्षी बराच वेळ पंखात तोंड घालून बसला. हसत असावा.

तिसऱ्या धाग्याला तिनं दिवसाला चार टाके घातले. तोवर लाडू शिकायला घेतला. बागेच्या टोकाला गिरजाआत्या राहायची. ती वाड्यातली जुनी आचारीण. एकदा जेवण वाढताना हसली म्हणून राजानं तिला काढलं होतं. का हसली, याचा संशय.

आत्यानं तीन दगडांची चूल मांडली. डब्यात बेसन तीनच वाट्या होतं. "आच मंद ठेवा, बाईसाहेब. हात थांबवू नका. घरभर वास सुटला की झालं."

पहिली वाटी कच्ची राहिली. दुसरी करपली, अंगठाही भाजला. तिसरी खमंग झाली. कनकरेखा साखर घालायला धावली, तशी आत्यानं मनगट धरलं. "थांबा. कोमट होऊ द्या. गरमात साखर घातली की पाणी सुटतं, मग चमच्यानं खावं लागतं."

लाडू वळला. एका बाजूला चपटा, त्यावर चार बोटं उमटलेली. कनकरेखेनं बोट चाटायला तोंडाकडे नेलं.

"हां हां," आत्या म्हणाली. "ज्याच्यासाठी केला त्याच्या आधी जिभेला लावायचा नाही. नैवेद्यच तो."

वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला. कनकरेखेनं शेवटचा टाका घालून गाठ मारली, तेव्हा पक्षी ओरडला, "अगं, सुलटी बाजू बाहेर ठेवून शिवलीस. शिवण बाहेर राहिली."

धागा संपला होता. तिनं तशीच नाडी ओवली, लाडू आत ठेवला आणि दरबारात गेली.

राजा तक्क्याला टेकला होता, श्वास तुटत होता. त्यानं थैली पाहिली आणि त्याचे डोळे बारीक झाले.

"कुणी शिवली?"

"मी, महाराज."

"लाडू?"

"मीच वळला."

"तू चाखलास?"

"नाही. ज्याच्यासाठी केला त्याच्या आधी चाखत नाहीत."

"विष घालणाराही चाखत नाही."

हरबा पुढे आला. "महाराज, मी बघतो. माझ्या पोटाला सवय आहे."

कनकरेखेनं थैलीवर हात ठेवला. "हरबाकाका, तुम्ही नाही."

दरबार कुजबुजला. राजा म्हणाला, "चाखूही देत नाही. हात पुढे कर." शिपायानं तलवार काढली. तिनं एका हातानं थैली बापाच्या मांडीवर ठेवली आणि दुसरा पुढे केला.

राजानं सवयीनं थैलीवर नख फिरवलं. कुठून उसवायची, ते शोधत होता. पण शिवण शोधावी लागेना. ती बाहेरच होती. वाकडे टाके, लोंबते दोरे, सुटलेल्या कडा, गाठीवर वाळलेला रक्ताचा ठिपका, सगळं वरच. जन्मभर त्यानं वस्तूंची आतली बाजू धुंडाळली होती. या थैलीला आतली बाजूच नव्हती.

मग त्यानं पुढे केलेला हात पाहिला. बोटांना काट्याची भोकं, अंगठा भाजलेला. नाडी ओढून लाडू काढला. लाडवावर तीच बोटं होती.

"ज्याला फसवायचं असतं," राजा हळूच म्हणाला, "तो इतकं वाईट काम करत नाही."

त्यानं लाडू अख्खाच तोंडात घातला. जिभेला राख लागली. सगळ्यांनी त्याचं तोंड वाकडं झालेलं पाहिलं. राजानं मुलीकडे पाहिलं आणि थुंकला नाही. गिळला.

वाड्यात कुठेतरी सरसर आवाज झाला. गाद्यांचे टाके आपापल्या जागी धावत होते. खजिन्यातली पोती शिवली गेली. नदीतले मासे काठाशी येऊन मोती टाकू लागले. राजाचा श्वास सरळ झाला.

"बाबा, कसा झालाय?" तिनं विचारलं.

राजानं ओठ चाटले. "साखर थोडी कमी आहे."

गिरजाआत्याला मानानं परत आणलं. ती वाढताना हसे, आणि राजाही हसे. हरबा आता राजाच्या पंगतीला त्याच्या बरोबरीनं जेवे. विहिरीतल्या सुया काढून घरोघर वाटल्या. त्या राज्यात अजूनही पोरं पहिली थैली शिवतात ती शिवण बाहेर ठेवून, आणि पहिला लाडू त्यात घालून देतात. घेणारा उसवून बघत नाही. नाडी ओढतो आणि हात आत घालतो.