सांबरमाथ्यावरची काळी स्क्रीन

“पासवर्ड घेतो, सर. चूकही दाखवत नाही. मग काळोख का?”

धोंड सर चहा गाळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“किती वेळ असतो काळोख?”

“चार-पाच सेकंद. मग खिडकी आपोआप मिटते.”

“आणि त्या चार सेकंदांत तू काय करतेस?”

“काय करणार? वाट बघते.”

“हं...”

त्यांनी चहाचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

रेवती निमकर पुण्याहून निघून, भालवड्यापर्यंत एसटीने आणि पुढे साडेतीन तास पायी चढून सांबरमाथ्यावर आली होती, ती या एका काळोखासाठी.

माथ्यावर हवामानाचं एक लहानसं ठाणं होतं. वाऱ्याचा वेग, हवेचा दाब आणि तापमान मोजणारी यंत्रं, त्यांचे आकडे गोळा करणारा युनिक्सच्या घराण्यातल्या लिनक्सवर चालणारा एक संगणक, आणि गेली एकतीस वर्षं गंगाराम धोंड. बाकी वारा.

संस्थेची अशी बारा ठाणी होती. पुण्यातल्या खुर्चीत बसून प्रत्येक ठाण्याची स्क्रीन आपल्यासमोर उघडता यावी, असं काम रेवतीकडे होतं. वाऱ्याचे आलेख साहेबांना तिथूनच दिसायला हवे होते. अकरा ठिकाणी तिने ते करून दाखवलं. बारावं अडलं.

ते जमलं की ठाण्यावर माणूस लागणार नव्हता. धोंड सरांनी तीस तारखेला खाली उतरायचं, असं पत्र तयार होतं. फक्त तारखेखाली सही राहिली होती.

खाली कुडाळला सरांचं घर होतं. घराला कुलूप होतं.

रेवतीला युनिक्स शिकवलं ते सरांनीच. बारा वर्षांपूर्वी ती इथे उमेदवारीला आली, तेव्हा तिला माउसशिवाय काही चालवता येत नव्हतं. सरांनी पहिल्याच दिवशी माउस काढून कपाटात ठेवला होता. चौदा महिन्यांनी ती उतरली, तेव्हा तिची बोटं बघण्यासारखी चालायची. आता तर दुसऱ्या शहरांतली माणसं अडली की तिला फोन करत. काय बिघडलंय हे त्यांचं वाक्य पुरं होण्याआधीच ती सांगायची. तिला त्याची सवय झाली होती.

सांबरमाथ्याने ती सवय मोडली.

तीन आठवडे ती रोज अकरा वाजता सरांना फोन करत होती. सर, यंत्र बंद करून चालू करा. सर, मागची तार काढून परत लावा. सर, अमुक दिवा लागलाय का बघा. सर सांगितलेलं सगळं करायचे. फोन पहिल्याच घंटीला उचलायचे. आणि ठेवताना विचारायचे, “उद्या कधी करशील?”

तिला वाटायचं, सरांनाही हे काम लवकर व्हायला हवंय.

आता ती पडवीच्या पायरीवर बसली होती. मोबाइलची रेंज तिथेच बरी यायची. मांडीवर लॅपटॉप होता. यंत्राची खोली पाठीमागे वीस पावलांवर होती, पण ती अजून आत गेली नव्हती. जायची गरजही नव्हती. टर्मिनलमधून, ओळी लिहून, तिला यंत्राशी बोलता येत होतं. उघडत नव्हती ती स्क्रीन.

“बाकीच्या अकरा ठिकाणी चालतं ना?” सरांनी विचारलं.

“व्यवस्थित. तीच फाइल, तीच ओळ न् ओळ. इथेच अडतंय.”

“तिथं कोण असतं?”

“कोणीच नाही. म्हणून तर...”

ती थांबली. पुढचं वाक्य चांगलं नव्हतं.

सरांनी तिचा रिकामा ग्लास उचलला.

ती कामाला लागली. लांबून स्क्रीन उघडणारी रिमोटची सेवा तिने मुळापासून काढून नव्याने बसवली. भिंतीसारखा आडवा येणारा फायरवॉल तासभर उतरवून ठेवला. दुसराच डेस्कटॉप लावून पाहिला. दर वेळी पासवर्ड घेतला गेला. दर वेळी काळोख झाला. लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, दर वेळी त्याच दोन ओळी: सत्र सुरू झालं, सत्र संपलं. का संपलं ते कुठेही नाही.

दर तासाला सर उठायचे, तिच्या बाजूने खोलीत जायचे, नोंद घेऊन परत येऊन बसायचे. ती मान वर करत नव्हती.

तिसऱ्यांदा ते बाहेर आले तेव्हा तिने लॅपटॉप मिटला होता.

“सर... मला जमत नाहीये.”

हे वाक्य तिने कितीतरी वर्षांत कुणाजवळ उच्चारलं नव्हतं. वाऱ्यात ते फारसं ऐकूही गेलं नसेल. पण सर येऊन पायरीवर शेजारी बसले.

“यंत्राला काय काय विचारलंस?”

“सगळं. सेवा चालू आहे का, पोर्ट उघडा आहे का, मेमरी किती, लॉगमध्ये काय...”

“आत कोण आहे, ते विचारलंस?”

...

तिने लॅपटॉप उघडला. तीन इंग्रजी अक्षरं. युनिक्सला विचारता येणारा सगळ्यांत लहान प्रश्न. सरांनी माउस काढून घेतला त्या दिवशी पहिला हाच शिकवला होता. ‘हू’.

दोन ओळी आल्या, दोन्ही धोंड या नावाच्या.

एक तिचीच होती, लांबून आलेली. दुसरी खुद्द सरांची. बसल्याची जागा: यंत्राची स्वतःची स्क्रीन. केव्हापासून: सकाळी पाच वाजून पन्नास मिनिटे.

ती त्या ओळीकडे बघत राहिली.

आलेखाचा प्रोग्रॅम सरांच्या खात्यात चालायचा, म्हणून आत यायला तिने सरांचंच नाव वापरलं होतं. आणि सर आधीच आत होते. यंत्राने पासवर्ड ओळखला, दार उघडलं, पाहिलं तर त्या नावाचा माणूस आपल्या जागेवर बसलेला. दुसऱ्या धोंडांना द्यायला त्याच्याकडे स्क्रीन नव्हती.

“पण मी तुम्हाला यंत्र बंद करायला सांगितलं होतं. पाच-सहा वेळा.”

“केलं.”

“मग?”

“चालू केलं, आणि परत बसलो. नोंद घ्यायची असते.”

“तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.”

“दुसऱ्या...” तिचा आवाज चढला. “सर, तीन आठवडे झाले! बैठकीत मला खाली मान घालून बसावं लागलं. सांगितलं का नाही?”

सर समोरच्या दरीकडे बघत होते. तिकडे काही नव्हतं. एक घार वाऱ्यावर एकाच जागी थरथरत होती.

“अकरा वाजता फोन वाजायचा,” ते म्हणाले.

...

रेवतीला त्या क्षणी ते ऐकू आलं, पण पोचलं नाही. तिच्या डोक्यात बैठकीची खोली होती.

“उठा सर. आत जा आणि लॉगआउट करा. पाच मिनिटांचं काम आहे.”

सर लगेच उठले. गुडघ्यावर हात टेकून, पण लगेच. कुणी एकतीस वर्षांच्या जागेवरून उठायला सांगितलं की माणूस जरा तरी थांबेल, असं तिला उगाच वाटून गेलं. ते दारापर्यंत गेले आणि तिथे वळले.

“उठतो. पण एक सांग. तू माझ्या नावाने आत का येतेस?”

“म्हणजे?”

“तुझं नाव मी पुसलेलं नाही गो.”

आणि ते आत गेले.

तिने खात्री करायला ‘लास्ट’ लिहिलं. कोण केव्हा येऊन बसलं याची आजपासून मागे जाणारी यादी. त्या यंत्राची जुनी नोंद कधी कुणी छाटली नव्हती. मधे दोनदा यंत्र बदललं, तरी सरांनी ती नव्यावर उतरवून घेतली होती.

धोंड, पाच पन्नास. धोंड, पाच एकावन्न. धोंड, पाच पन्नास.

ती खाली सरकत गेली. पानामागून पान. तेच नाव, तीच जागा. दिवाळीच्या दिवशी धोंड. तिच्या लग्नाच्या दिवशी धोंड. पत्रिका पाठवली होती, आले नव्हते. सहा वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये चौदा दिवस रिकामे होते. यादीतली एवढीच मोकळी जागा. ती बघून रेवतीची बोटं थांबली. काकू, सरांची बायको, गेल्या तो जून. तिने तेव्हा सरांना मोबाइलवर दोन ओळींचा संदेश पाठवला होता. फोन करायचा असं ठरवलं होतं. मग राहून गेलं.

पंधराव्या दिवशी, धोंड, पाच पन्नास.

ती आणखी खाली गेली. वर्षंच्या वर्षं सरकली आणि दुसरं एकही नाव आलं नाही. कुणी तपासनीस नाही, कुणी पाहुणा नाही. वारा वाढला होता, तिने ओढणी कानांभोवती घट्ट गुंडाळून घेतली.

खूप खाली, अकरा वर्षांपूर्वीच्या एका मार्चमध्ये, ते आलं.

रेवती, चार वाजून दहा मिनिटे.

ती उतरली तो दिवस. त्यानंतर या यंत्रात दुसरं माणूस आलंच नव्हतं.

तिने रिमोटची खिडकी उघडली. नावाच्या चौकटीत ‘धोंड’ आपोआप आलेलं होतं. तिने ते खोडलं. स्वतःचं नाव लिहिलं. पासवर्ड तिला आठवत नव्हता, पण बोटं अक्षरांवरून गेली, कशी ते तिलाही कळलं नाही.

काळोख.

एक... दोन... तीन...

स्क्रीन उघडली.

साधी निळी स्क्रीन होती. कोपऱ्यात एकच फाइल. तिने सुरू करून अर्धवट सोडलेली वाऱ्याच्या झोतांची यादी. तिच्या शेवटच्या आकड्याखाली कुणीही काही लिहिलेलं नव्हतं. शेजारी आलेखांचं दालन होतं, वाचायला मोकळं. तिने उघडलं, आणि सांबरमाथ्याचा वारा तिच्या मांडीवर रेघ होऊन चालू लागला.

ती उठली. वीस पावलं चालून या खेपेला पहिल्यांदाच खोलीत गेली.

सर खुर्चीत होते. लॉगआउटची चौकट त्यांच्यासमोर उघडी होती: खरंच बाहेर पडायचं आहे का? हात माउसवर ठेवलेला, पण बोट दाबलेलं नव्हतं. खुर्चीचा कणा त्यांच्या पाठीच्या आकाराचा झाला होता. टेबलावर चष्म्याचं घर, पाण्याचा तांब्या, आणि फोन. फोन उताणा, हाताच्या अंतरावर.

“सर, उघडलं. तुम्ही आत असतानाच.”

“दिसलं. यादीत दोन नावं आली.”

त्यांनी ती चौकट मिटवली आणि खुर्ची किंचित बाजूला घेतली, तिला बघता यावं म्हणून. दोघं काही वेळ आलेखाकडे बघत राहिले. रेघ वर जायची, थबकायची, खाली यायची.

“उत्तरेकडचा आहे,” सर म्हणाले. “उद्या गार पडेल.”

“आलेखात दिशा कुठे दिसते?”

“नाही दिसत...”

काम झालं होतं. आज संध्याकाळी तिने कळवलं की उद्या पत्रावर सही होणार होती. आणि न कळवायला आता काही कारण उरलं नव्हतं.

“सर, तीस तारीख...”

“कळव तू. बारावं झालं म्हणून कळव. चांगलं काम केलंस.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर तिला बरं वाटलं असतं.

“मघाशी मी तुम्हाला उठा म्हटलं...”

“उठायचंच आहे.”

“सर, मी काकूंच्या वेळीसुद्धा...” सरांनी हात वर करून ते वाक्य तिथेच थांबवलं, जसं ते पूर्वी तिची चुकीची कमांड एन्टर दाबण्याआधी थांबवायचे.

बाहेर पत्र्यावर वारा आपटत होता. पाच वाजले. सरांनी वहीत पाच वाजताची नोंद केली, शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.

“मी फोन करीन,” ती एकदम म्हणाली. “कुडाळला. रोज, अकरा वाजता. नक्की करीन, सर.”

सरांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने काच पुसली, उजेडात धरून पाहिली, परत पुसली. मग पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

“आणि ज्या दिवशी काहीच बिघडलेलं नसेल... त्या दिवशी काय विचारशील?”