बहाव्याच्या तीन पाकळ्या

या गोष्टीत नगर नाही, राजा नाही, राजाच्या आवडत्या-नावडत्या राण्याही नाहीत. आहे ती एक एवढीशी वाडी, डोंगराच्या पायथ्याशी. निवळवाडी तिचं नाव. वाडीतलं शेवटचं घर सगूचं. सगू आठ वर्षांची, आणि तिच्या कडेवर कायम एक गाठोडं. ते गाठोडं गुणगुणायचंसुद्धा. तो तिचा धाकटा भाऊ, तीन वर्षांचा. खरं नाव दामोदर, पण दिवसभर गुंगुं करायचा म्हणून सगळे त्याला भुंग्याच म्हणायचे.

सगूचे बाबा देवाघरी गेले होते. आई एकटी राबायची. उन्हाळा लागला की ती गावात घरोघरी वाळवणं करून द्यायची. कुरडया, पापड, सांडगे, बटाट्याचा कीस. उजाडायच्या आत जायची ती दिवेलागणीला परत यायची. हातावर गव्हाचा चीक वाळलेला, डोळे चुलीच्या धुराने लाल. दुसऱ्यांच्या पावसाळ्याची बेगमी करता करता बिचारीचा स्वतःचा उन्हाळा कधी संपायचा, तिला कळायचंच नाही.

आता वाडीपासून हाकेच्या अंतरावर होता एक डोह. काय सांगू तुम्हाला! निळंहिरवं पाणी, तळाशी गोल गोल चमचमणारे गोटे, काठावर वाकलेली जांभळीची झाडं आणि पाण्यात इवल्या इवल्या चंदेरी मासोळ्या. पण आईचा नियम होता, मोठ्या माणसाशिवाय डोहावर पाऊल टाकायचं नाही. आणि सगूच्या घरात मोठं माणूस एकच.

"वाळवण संपलं की जाऊ हं, सोन्या," आई रोज म्हणायची.

भुंग्या रोज सकाळी आपला लाल पंचा खांद्यावर टाकून दारात बसायचा, आणि रोज संध्याकाळी तोच पंचा छातीशी धरून झोपून जायचा. गेल्या वर्षी वाळवण संपलं तेव्हा पाऊस आला आणि डोह गढूळ होऊन गेला. ते सगू विसरली नव्हती. तिला खेळणी नको होती, नवं परकर-पोलकं नको होतं. आईबरोबर डोहावर एक दिवस, एवढंच तिला हवं होतं.

एके दिवशी सगू भुंग्याला घेऊन करवंदांच्या जाळीत गेली. काळीभोर, टपोरी करवंदं नुसती लगडली होती. बाजूला बहावा फुलला होता आणि त्याचे पिवळेधमक घोस वाऱ्यावर झुलत होते.

"कोंबडा की कोंबडी?" करवंद पुढे धरून सगूने विचारलं. चावल्यावर आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. उन्हाळ्यातला सगळ्यात सोपा खेळ. भुंग्या दर वेळी कोंबडा म्हणायचा, आणि कोंबडी निघाली तरी कोंबडाच समजून मिटक्या मारत खायचा.

"कोंबडा नाही आणि कोंबडी नाही," जाळीतून एक नाजूकसा आवाज आला. "मी आहे. जरा इकडे बघता का?"

सगूने काट्याची फांदी हळूच बाजूला केली. आत होती एक करंगळीएवढी परी. अंगात बहाव्याच्या फुलांचा पिवळा झगा, कपाळावर दवाचा टिपका, आणि पाठीवर झिरमिरीत सोनेरी पंख. त्यातला एक पंख करवंदाच्या चिकात फांदीला घट्ट चिकटून बसला होता.

"ओढू नकोस हं," परी म्हणाली. "फाटेल तो."

"ओढतंय कोण," सगू म्हणाली. "चीक तेलाने सुटतो, एवढं ठाऊक आहे मला."

पहाटे कामाला जायच्या आधी आईने तिच्या वेणीला चोपून तेल लावलं होतं. सगूने वेणीवरून बोटं फिरवली आणि ती तेलकट बोटं पंखावर हळुवार चोळली. हाताला दोन काटे बोचले, रक्ताचा थेंब आला, पण तिने हात मागे घेतला नाही. सुळकन पंख सुटला. भुंग्याने आपल्या खिशातलं सगळ्यात मोठं करवंद परीच्या पुढ्यात ठेवलं. ते तिच्या डोक्याएवढं होतं.

परी खुदकन हसली. "गोड आहात रे दोघं. मी बहाव्याची परी. बहावा फुलतो तेवढेच दिवस मी इथे असते. आता माझे तीनच दिवस उरलेत. तीन दिवस रोज एक पाकळी तुला देईन. पाकळी तळहातावर घ्यायची, डोळे मिटायचे आणि मागायचं. पण नियम ऐक. एका पाकळीत एकाच माणसाचं मागणं मावतं. मागणं लहानसं हवं, एका दिवसात पुरं होईल इतकंच. आणि आजची पाकळी आजच वापरायची, साठवायची नाही."

तिने पहिली पाकळी सगूच्या हातावर ठेवली. पिवळी, चकचकीत, उबदार. सगूने मान डोलवली खरी, पण डोकं लागलं होतं कामाला.

आज मागून काय उपयोग? आई कामाला जाते त्या वच्छलाकाकूंकडे तीन दिवस गहू भिजत पडलेत. आज आई उठून आली तर ते जास्तच आंबतील आणि काकू आईला बोलतील. त्यापेक्षा तिन्ही पाकळ्या जपून ठेवू. आईचं काम उरकलं की एक आईला, एक भुंग्याला, एक मला. मग काय मज्जाच मज्जा.

आणि साठवायची नाही म्हणजे काय? ज्यांना साठवता येत नाही त्यांच्यासाठी असेल तो नियम! सगूची आई कैरी वर्षभर टिकवायची. मग एक पाकळी टिकवायला काय लागतं?

घरी येऊन सगूने छोटी बरणी कोरडी पुसली. तळाशी मीठ घातलं, त्यावर पाकळी, वर पुन्हा मीठ आणि चिमूटभर हळद. तोंडाला दादरा बांधला, आई लोणच्याच्या बरणीला बांधते तसाच.

दुसऱ्या दिवशी दुसरी पाकळी उंबऱ्यावर येऊन पडली. ही सगूने फडक्यावर पसरून उन्हात ठेवली. खडखडीत वाळली की डब्यात भरू, असा विचार. भुंग्याला राखणीला बसवलं. भुंग्याने एक मुंगी आणि दोन चिमण्या हाकलल्या आणि तो तिथेच झोपला.

संध्याकाळी सगूने बघितलं तर फडक्यावर चिमूटभर पिवळी भुकटी. वाऱ्याची झुळूक आली आणि तीही उडाली. तिने धावत जाऊन बरणी उघडली. आत नुसतं मीठ. सगू तिथेच फतकल मारून बसली आणि हमसून हमसून रडली. शहाणपण नडलं होतं पोरीला. भुंग्याने तिचे डोळे आपल्या लाल पंच्याने पुसले.

तिसऱ्या दिवशी शेवटची पाकळी आली. या खेपेला सगूने वेळ घालवला नाही. आज आईसाठीच मागायचं, आजच, असं ठरवून तिने पाकळी मुठीत धरली, भुंग्याला कडेवर घेतलं आणि वच्छलाकाकूंचं घर गाठलं. भुंग्याचा पंचा अर्थातच बरोबर होता.

वच्छलाकाकू मोठ्या कडक. त्या हसत नसत असं मी म्हणत नाही, पण हसताना मी तरी त्यांना बघितलं नव्हतं. त्यांच्या अंगणभर जुन्या साड्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर कालच्या पांढऱ्याशुभ्र कुरडया. मागच्या चुलीवर आई मोठ्या पातेल्यात चीक ढवळत होती. घामाने तिचा पदर चिंब झाला होता.

अंगणात बाजेवर एक मुलगी बसली होती. सहा वर्षांची असेल. पायाला प्लास्टर, हातात काळं फडकं बांधलेली काठी. कावळे हाकलत होती. ती काकूंची नात, रेवा.

"तू नवीन आहेस?" सगूने विचारलं.

"पंधरा दिवस झाले की येऊन," रेवा म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी झोपाळ्यावरून पडले. तेव्हापासून हीच बाज. दादा आणि ताई रोज डोहावर जातात. मला कोण उचलून नेणार? आजीचे गुडघे दुखतात."

"मग बरी झालीस की जा."

"उद्या सकाळी बाबा न्यायला येणार आहेत मला." रेवाने काठी खाली ठेवली. "डोहात मासे पायाला गुदगुल्या करतात, खरं का गं?"

सगूने पाकळीवर बोटं घट्ट मिटली. मूठ गरम झाली होती. एका पाकळीत एकाच माणसाचं मागणं. तिने चुलीकडे बघितलं. आई पाठमोरी ढवळतच होती. तिने भुंग्याकडे बघितलं. तो पंचा खांद्यावर टाकून तयारच होता, आज जायचंच अशा थाटात. सगूला वाटलं, मुकाट्याने चुलीपाशी जावं, डोळे मिटावे आणि आई मागावी. कोणाला कळणार होतं?

पण मासे गुदगुल्या करतात का, हे विचारताना रेवाचा चेहरा जो झाला होता, तो काही तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आपला डोह इथेच आहे, पुढच्या वर्षीही असेल. हिची तर उद्याची गाडी.

तिने मूठ उघडली, डोळे घट्ट मिटले आणि पुटपुटली, "रेवाला आज डोहावर जायला मिळू दे." पाकळी लखकन चमकली, प्रकाशाचा एक ठिपका झाली आणि अंगणावरून भिरभिरत गेली.

"भुंग्या, तुझा पंचा दे रे हिला," सगू म्हणाली. "पाय पुसायला लागेल."

भुंग्याने थोडा विचार केला. मग पंचा रेवाच्या मांडीवर ठेवला आणि वर त्याची घडीसुद्धा केली, त्याला जमली तशी.

वच्छलाकाकू दारात उभं राहून हे सगळं बघत होत्या. त्यांनी नातीकडे बघितलं, त्या लाल पंच्याकडे बघितलं, आणि डोळ्यात काहीतरी गेल्यासारखा पदर लावला.

"पारू," त्यांनी सगूच्या आईला हाक मारली, "ढवळणं सोड. या पोरीला डोहावर घेऊन जा."

"मी?" आई गोंधळली. "अहो काकू, चीक करपेल. कुरडया कोण घालणार?"

"माझे गुडघे गेलेत, हात नाही गेले. आणि जाऊबाई घरात बसून काय करतायत? आम्ही दोघी सोऱ्या दाबतो. पोर पंधरा दिवस कावळे हाकलतेय आणि मी कुरडया मोजत बसलेय, माझीच अक्कल गहाण पडली होती. प्लास्टर तेवढं भिजवू नकोस. आणि तुझी दोघं काय इथे ठेवणार आहेस? ती पण ने."

सगू आईकडे बघतच राहिली. रेवाला उचलून न्यायला मोठं माणूस लागणार, ते माणूस आपली आईच असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

मग निघाली वरात. आईच्या कडेवर रेवा, सगूच्या कडेवर भुंग्या, आणि काकूंनी दिलेल्या डब्यात गरम चीक, त्यावर दूध आणि साखर. वाटेत आईने खाली पडलेल्या दोन कैऱ्या उचलल्या, दगडावर फोडल्या आणि पदराच्या गाठीतलं मीठ लावून सगळ्यांना दिल्या. आंबट लागून भुंग्याने एक डोळा मिटला तो डोहापर्यंत उघडलाच नाही.

रेवाला आईने सपाट खडकावर बसवलं. प्लास्टरचा पाय कोरड्यावर, दुसरा पाण्यात. आल्या की मासोळ्या! एक, दोन, पाच, दहा. रेवा हसली ती अशी हसली की तिला उचकी लागली. भुंग्या गुडघाभर पाण्यात उभा राहून पाण्यालाच थपडा मारत होता, आणि पाणी उलट मारतंय अशी तक्रारही करत होता. सगळ्यांनी जांभळं खाल्ली आणि जांभळ्या जिभा एकमेकांना दाखवल्या.

आणि आई? आई आधी काठावर बसली. मग पाय सोडले. मग "जरा बघते हं" म्हणत कमरेइतक्या पाण्यात गेली, आणि एकदम तिने डुबकी मारली. वर आली तेव्हा तिच्या केसांतून मोत्यांसारखे थेंब गळत होते. सगूने आईला असं कधी पाहिलंच नव्हतं. आई काठाजवळ येताच तिने पाण्यातच तिला मिठी मारली, आणि मग भुंग्याला राहवेना, तोही येऊन चिकटला.

ऊन कलतं झालं. पाण्यावर सोनं पसरलं, आणि त्या सोन्यातून बहाव्याची परी वर आली. तिला फक्त सगूने पाहिलं.

"दोन पाकळ्या तू मिठात आणि उन्हात घालवल्यास," परी म्हणाली, "आणि तिसरी रेवाला दिलीस. तुझं मागणं तर राहूनच गेलं. माझी आता जायची वेळ झाली. जाता जाता एक माग. याला पाकळी नको आणि नियमही नको."

सगूने आईकडे बघितलं. आई खडकावर रेवाला अंगाशी टेकवून बसली होती, भुंग्या मांडीत पेंगत होता, आणि आई त्याच्या ओल्या केसांतून बोटं फिरवत काहीतरी गुणगुणत होती. मागण्यासारखं खूप होतं. पक्कं घर होतं, भरलेली कोठी होती. पण सगूला त्या घडीला एकच गोष्ट सुचली.

"अजून थोडा वेळ," ती म्हणाली.

परीने तिच्या नाकाला हलकेच हात लावला आणि पंख पसरले. पंखांतून पिवळा, कोवळा उजेड सांडला, पाण्यावर, खडकांवर, जांभळीच्या पानापानांवर. उजेड वाढत गेला, परी पुसट होत गेली, आणि मग नुसता उजेडच राहिला. मावळायला टेकलेला सूर्य डोंगराच्या कडेवर थबकला तो थबकलाच.

"आज दिवस भलताच लांबलाय गं," आई आकाशाकडे बघत म्हणाली. सगूला वाटलं, आता आई उठणार, साडी पिळणार आणि म्हणणार, चला, उशीर झाला.

आईने सगूला जवळ ओढलं आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवलं.

"बसू अजून थोडं," ती म्हणाली.