पिवळ्या पानाचा फोटो

पंगतीत आग्रहाने जिलब्या वाढत त्या काळची गोष्ट. लग्नांचे फोटो काढून शेफारलेला एक कॅमेरा पिंपळापुढे उभा राहून ओरडला, “सगळ्यांनी इकडे बघा! हलू नका!” पानं सळसळतच राहिली.

अळीने खाल्लेलं एक पिवळं पान म्हणालं, “कॅमेरेबुवा, मी आज गळणार. माझा एकट्याचा काढा की!”

“तुला तर भोकं पडलीत!”

“मग खाली या. ऊन माझ्या पाठीमागे राहू द्या आणि वर बघा.”

कुरकुरत कॅमेरा मुळांवर आडवा झाला. पान आरपार उजळलं होतं, भोकांतून ऊन लुकलुकत होतं. ‘हलू नका’ म्हणायचं तो विसरलाच.

फोटो बघायला पान गिरक्या घेत खाली उतरलं. तेवढ्यात वरून कोवळ्या पानांच्या हाका आल्या, “अळीताई, जरा इकडे या ना!”