मागचा उन्हाळा कुणी पाहिलाय?

फार मागे, जंगलाला अजून कुणी नाव ठेवलं नव्हतं तेव्हा, तांबी नावाची एक रानकुत्री टोळी शोधत हिंडत होती. पाय वाऱ्यासारखे होते, पण एकटीने सांबर पडत नाही हे ती जाणून होती.

टेकडीवरच्या टोळीचा सगळीकडे गवगवा होता. तिचा म्होरक्या भुरा म्हणाला, "ये बाई, आजपासून तू आमची. पाच वर्षांत आमची एक शिकार हुकलेली नाही."

समोर ताजं सांबर पडलं होतं. तरी तांबीच्या मनात पाल चुकचुकली. एवढी भरभराट आहे, तर टोळीत माझ्यासाठी जागा रिकामी कशी?

तिने एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, "मागच्या उन्हाळ्यात पाणवठा आटला, तेव्हा कसं निभावलंत?"

"मी पावसाळ्यात आलो," एक म्हणाला. "मी हिवाळ्यात," दुसरी म्हणाली. तिसरा तर परवाच आला होता. मग पाच वर्षं शिकार केली ती कुणी, आणि ते गेले कुठे?

"खा की, विचारत काय बसलीस," भुरा दात दाखवत म्हणाला.

तांबी न खाताच निघाली.

नाल्याकाठच्या टोळीत पिल्लांची पोटं टम्म होती आणि एक लंगडी म्हातारी त्यांच्यात बसून खात होती. तांबीने इथेही तेच विचारलं.

"मी पाण्याचा माग काढला म्हणून वाचलो," एक म्हणाला.

"खोटं. माग मी काढला," दुसरा गुरकावला.

"दोघंही चिखलात रुतला होतात. ओढून मी काढलं," म्हातारी म्हणाली, आणि सगळी टोळी एकमेकांवर खेकसायला लागली.

मागचा उन्हाळा पाहिलेले सगळे अजून इथेच होते. ते भांडण ऐकत तांबी पाय पसरून निवांत बसली.